एकाच हंडीतली लाखोरी

प्रश्न : मी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. माहेर गोंदियाच्या पलीकडे, बालाघाटच्या सीमेवरचं. माझे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, सालगडी होते. ऐन पंचविशीत, एका दुष्काळी वर्षी त्यांचे पाय आखडले ते कायमचे. पुढे सगळा जन्म ते दोन काठ्यांवर, टाचा न टेकवता, एक पाय दुसऱ्यात अडकवत चालले. घरात सगळे म्हणायचे, ‘लाखोरीनं पाय गेले.’ पण त्यांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, त्याच हंडीतलं खाऊन वाढली आणि ऐंशी ओलांडेपर्यंत डोक्यावर घागर घेऊन चालली. हंडी एक, डाळ एक. मग आजोबांचेच पाय का गेले? हा प्रश्न लहानपणापासून मनात आहे. आणखी एक. माझ्या सासूबाईंना अल्झायमर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आहे. कॉलनीतल्या बायका म्हणतात, मानेसरच्या शास्त्रज्ञांनी अश्वगंधा देऊन हा आजार परतवलाय, तुम्हीही सुरू करा. करावं का? आजोबांचे पाय आणि सासूबाईंचं विसरणं यांत काही नातं आहे का? माझ्या मुलाच्या पायात रात्री गोळे येतात, म्हणून काळजी वाटते.

— एक वाचक, आर. के. पुरम, नवी दिल्ली

उत्तर : तुमचं पत्र आलं तेव्हा मी लाखोरीचे मूठभर दाणे काढून कागदावर पसरले. भंडाऱ्याच्या बाजारातून आणलेले होते. रंग मातकट करडा, वर बारीक ठिपके. दाणा वाटाण्यासारखा गोल नाही. एका बाजूनं उतरता, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. भरडून साल काढली की आत पिवळी डाळ निघते. तुरीत किंवा हरभऱ्यात मिसळली तर पटकन ओळखू येत नाही. विदर्भात कुणी लाखोळी म्हणतं, कुणी लाख, तुमच्याकडे लाखोरी. मध्य प्रदेशात तेवडा, उत्तरेत खेसारी. चव चांगली, प्रथिनं भरपूर.

ही डाळ आजोबांच्या ताटात आली ती धानाच्या बांधीतून. धान कापणीला येण्याआधी, चिखल ओला असतानाच उभ्या पिकात लाखोरीचं बी फेकतात. यालाच उतेरा म्हणतात. नांगरट नको, खत नको, वरून पाणी नको. धान निघालं की उरलेल्या ओलीवर ती वाढते, निळी-पांढरी फुलं धरते. पाऊस दगा देतो, गारा पडतात, गहू तांबेऱ्यानं जातो, तरी ही उभी राहते. म्हणून बऱ्या वर्षात ती ताटातली एक डाळ असते, आणि वाईट वर्षात ताटात तीच एक उरते. पाण्याच्या ताणात वाढलेल्या दाण्यात विषाचं प्रमाणही वाढतं. म्हणजे सगळ्यात जास्त खाल्ली जाते तेव्हाच ती सगळ्यात घातक असते.

घरातली माणसं बरोबरच म्हणत होती. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. हे नाव १८७३ मध्ये नेपल्सच्या अर्नाल्दो कांतानी या डॉक्टरनं दिलं. लॅथिरस हे या वनस्पतीचं शास्त्रीय नाव. पण वर्णन आपल्याकडचं त्याहून जुनं आहे. सागर भागातला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यानं १८४४ च्या आपल्या पुस्तकात एका गावाची हकीकत लिहिली. काही वर्षं गव्हाचं पीक लागोपाठ बुडालं, तेवडा तेवढा आला, लोक त्यावरच जगले, आणि १८३३ व १८३४ या दोन वर्षांत गावातल्या जवळजवळ निम्म्या तरुणांचे कमरेखालचे पाय गेले. बहुतेक सगळे तिशीच्या आतले. तुमचे आजोबा पंचविशीतले होते. शंभर वर्षांच्या अंतरानं हकीकत तीच.

तुम्ही लिहिलेल्या दोन काठ्यांनाही अर्थ आहे. डॉक्टर या रोगाच्या पायऱ्या काठ्यांवरूनच मोजतात. बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी हातांवर सरपटणारा. टाचा न टेकणं आणि पाय कात्रीसारखे अडकणं ही त्याची ओळख. पायांत ताकद असते, पण स्नायू सैल पडत नाहीत. मेंदूच्या माथ्याजवळून निघून पाठीच्या कण्यातून थेट कमरेपर्यंत उतरणाऱ्या चेतापेशी असतात. पायांना ‘आता आवर, आता सोड’ असं सांगणाऱ्या या पेशी. शरीरातल्या सर्वांत लांब पेशींमध्ये त्यांची गणना होते. माथ्यापासून कमरेपर्यंत बोट फिरवून बघा, एवढा एकेका पेशीचा धागा. लाखोरी नेमक्या याच मारते. बुद्धी शाबूत, हात बहुधा शाबूत, बोलणं शाबूत.

हे विष कोणतं, याचं उत्तर १९६४ मध्ये मिळालं आणि ते भारतातच मिळालं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं केलं. त्याच वर्षी, त्यांच्यापेक्षा स्वतंत्रपणे, व्ही. व्ही. एस. मूर्ती, टी. आर. शेषाद्री आणि टी. ए. वेंकटसुब्रमणियन यांनी तुमच्याच दिल्लीत, दिल्ली विद्यापीठात, तेच केलं. या रेणूला आज बीटा-ओडॅप म्हणतात. शंभर ग्रॅम दाण्यांत तो काहीशे मिलिग्रॅम असू शकतो. दोन प्रयोगशाळांनी एकमेकांशी न बोलता एकच रेणू हातात धरावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं. तोवर लोक म्हणत होते दाण्यात तण मिसळतं, बुरशी लागते, हवा वाईट आहे. त्या वर्षानंतर दोष कुणाचा ते नावानिशी सांगता येऊ लागलं. १९८६ मध्ये पीटर स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना हा रेणू देऊन आजाराची सुरुवातीची लक्षणं दाखवली.

ओडॅप करतो काय? मेंदूतल्या पेशी एकमेकींना जागं करायला ग्लुटामेट नावाचा रेणू वापरतात. एक पेशी तो सोडते, दुसरीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीवर तो टेकतो, पेशी उत्तेजित होते, आणि ग्लुटामेट लगेच उचलला जातो. ओडॅपचा आकार ग्लुटामेटसारखा आहे. तो त्याच ग्राहीवर बसतो. दारावरची घंटा दाबून कुणी बोट उचललंच नाही तर घरातल्यांचं जे होईल ते त्या पेशीचं होतं. अतिउत्तेजनानं पेशी मरते, ही कल्पना जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये मांडली होती.

पण इथे एक मोठा अडथळा आहे, आणि तुमचा प्रश्न नेमका त्याच ठिकाणी येऊन उभा राहतो. ग्लुटामेटच्या ग्राही सगळ्या मेंदूभर आहेत. मग कमरेपर्यंत जाणाऱ्याच पेशी का? आणि एकाच हंडीतलं खाणाऱ्या दोघांपैकी एकाच्याच का?

याचा माग ज्यांनी चिवटपणे काढला त्या डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ. तुमच्या घरापासून धौला कुआँमार्गे जयपूरच्या महामार्गाला लागलात, गुरुग्राम मागे टाकलं की मानेसर येतं. तिथे अरवलीच्या पायथ्याशी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. त्याच्या त्या संस्थापक संचालक. २००० ते २००९ ही वर्षं त्यांनी ते उभं करण्यात घालवली. त्याआधी त्या बंगळूरच्या निमहान्समध्ये होत्या. १९९६ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळा अल्झायमर आणि पार्किन्सनच्या मागे होत्या, कारण ते श्रीमंत देशांतल्या म्हाताऱ्यांचे आजार. लाखोरीनं पाय गेलेल्या सालगड्याला कोण विचारणार? त्यांनी विचारलं. याबद्दल मला त्यांचं फार मोल वाटतं.

त्यांच्या गटानं १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम असं. पेशीच्या आत तंतुकणिका असतात. शाळेत आपण त्यांना पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणून शिकलो. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण तो ऊर्जा खातो वीस टक्के. ही ऊर्जा तयार करणारी प्रथिनांची जी साखळी आहे तिच्या तोंडाशी एक भलंमोठं यंत्र बसलेलं असतं. त्याला कॉम्प्लेक्स-१ म्हणतात. ओडॅप दिलेल्या उंदरांत हे कॉम्प्लेक्स-१ बंद पडतं. आणि कुठे? हालचालीचं नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागात आणि मज्जारज्जूच्या कमरेकडच्या टोकाशी. जिथे माणसात इजा होते तिथेच. शिवाय क्रमही कळला. पेशी मरते म्हणून यंत्र बंद पडत नाही, यंत्र आधी बंद पडतं. म्हणजे विष पोटात जाणं आणि पेशी मरणं यांच्यामध्ये थोडा अवकाश आहे, आणि त्या अवकाशात पेशी अजून जिवंत आहे.

यंत्र बंद का पडतं, तेही त्यांनी शोधलं. कॉम्प्लेक्स-१ च्या प्रथिनांवर ठिकठिकाणी गंधकाचे अणू असतात, मोकळे. पेशीत ऑक्सिडीकरण वाढलं की हे गंधक एकमेकांशी किंवा दुसऱ्या रेणूंशी जखडले जातात. नाड्याला गाठ बसावी तसं. गाठ बसली की यंत्र हलत नाही. आणि पेशीकडे ही गाठ सोडवणारं एक विकर आहे, ग्लुटारेडॉक्सिन. ते ग्लुटाथायोन या छोट्या रेणूच्या मदतीनं गाठी सोडत जातं. २००२ मध्ये या गटानं दाखवलं की ओडॅप दिल्यावर उंदराच्या मेंदूत हे विकर वाढतं आणि त्यामुळे कॉम्प्लेक्स-१ पुन्हा चालू होतं. विकर तयारच होऊ दिलं नाही, तर यंत्र सावरत नाही. ही गोष्ट वाचली तेव्हा मी बराच वेळ थांबलो होतो. तोवर मी लॅथिरिझमकडे नुसत्या विषबाधेची गोष्ट म्हणून पाहत होतो. ती निम्मी गोष्ट होती. उरलेली निम्मी दुरुस्तीची आहे; किती विष आलं याइतकंच, गाठी किती वेगानं सुटल्या यावरही सगळं ठरतं.

आता आत्याआजींकडे येऊ. २००४ मध्ये याच गटानं आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. मादी उंदरांच्या मेंदूत ग्लुटारेडॉक्सिन मुळातच नरांपेक्षा जास्त असतं, आणि त्याचा संबंध इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी आहे. तो प्रयोग वेगळ्या विषावर होता, त्याबद्दल पुढे सांगतो; पण बंद पडणारं यंत्र तेच होतं. लॅथिरिझमच्या साथी जिथे जिथे आल्या तिथे पुरुषांना तो जास्त झाला आणि जास्त जोरात झाला, असं डॉक्टर फार पूर्वीपासून नोंदवत आले आहेत. तरण्या वयातल्या बायका पुष्कळदा त्यातून सुटत. आत्याआजी त्या वेळी तरण्या होत्या. बायका पूर्ण सुटल्या असं मात्र नाही. स्लीमनच्या गावात मुलीही होत्या.

पण उत्तर एवढ्यावर संपवलं तर आजोबांवर अन्याय होईल. तुम्ही लिहिता, हंडी एक होती. ताटं एक होती का? सालगडी माणूस दिवसभर नांगर धरतो, त्याला भूक जास्त, त्याचा वाटा मोठा. शिवाय मजुरीच लाखोरीत मिळत असेल तर दुपारची शिदोरीही तिचीच. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ देत, आणि तिथे या आजाराचं प्रमाण भयंकर होतं. साधारणपणे रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक ही डाळ असेल आणि असं दोन-तीन महिने किंवा जास्त चाललं, तर धोका सुरू होतो. अतिश्रमानं तो वाढतो.

आणि अजून एक बारीक गोष्ट आहे. गाठी सोडवायला लागणारं ग्लुटाथायोन शरीर स्वतः तयार करतं, पण त्यासाठी गंधक असलेलं अमिनो आम्ल अन्नातून यावं लागतं. लाखोरीच्या प्रथिनांत नेमकी त्याचीच वाण आहे. भात, ज्वारी, गहू यांत ते बऱ्यापैकी असतं, दूध-अंड्यांत भरपूर. म्हणजे जो माणूस भाताबरोबर वाटीभर लाखोरी खातो, त्याला विष थोडं मिळतं आणि दुरुस्तीचं सामानही मिळतं. ज्याच्या ताटातून भातच गेला त्याला विष सगळं मिळतं आणि सामान काहीच नाही. आत्याआजींना एखाद्या घरी धुणीभांडी करून दोन घास भाताचे, थोडं ताक मिळत असेल का? तुमच्या वडिलांना विचारा. घरातल्या जुन्या माणसांना असल्या गोष्टी आठवतात, विचारणारा भेटला तर.

म्हणूनच विदर्भातला वाद समजून घ्यायला हवा. १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे शेतकरी म्हणत राहिले, आमच्या पिढ्यानपिढ्या भाताबरोबर खात आल्या, आमचे पाय शाबूत आहेत. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठवण्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. २००८ मध्ये महाराष्ट्रानं बंदी उठवली. केंद्राच्या अन्नसुरक्षा नियमांत विक्रीवरचा निर्बंध राहिला. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना खरी गोष्ट दिसत होती. भरल्या ताटातली वाटीभर लाखोरी माणसाला अधू करत नाही. पण दुष्काळात ताट कुणाचं आणि कधी रिकामं होईल हे कायद्याला कळत नाही, म्हणून बंदी घालणाऱ्यांची भीतीही पोकळ नव्हती. मधला रस्ता पीकशास्त्रज्ञांनी काढला. तुमच्यापासून जवळच, पुसाच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, ऊतिसंवर्धनातून ‘रतन’ नावाचं अगदी कमी ओडॅपचं वाण तयार झालं. रायपूरच्या कृषी विद्यापीठानं ‘प्रतीक’ आणि ‘महातेवडा’ दिलं. ओडॅप पाण्यात विरघळतो. म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून देण्याची पद्धत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं साठच्या दशकातच सुचवली होती. जुन्या बायका पहिलं पाणी फेकून देत. ते का, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हे फक्त आपल्याकडचं दुःख नाही. इथिओपियात दुष्काळाच्या वर्षांत हाच आजार गावंच्या गावं धरतो. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातल्या वाप्नियार्का छावणीत १९४२-४३ च्या हिवाळ्यात ज्यू कैद्यांना गुरांसाठीची हीच डाळ खाऊ घातली. कैद्यांपैकीच एक डॉक्टर, आर्थर केसलर, यांनी पाय आखडलेले लोक पाहून ओळखलं की हे डाळीनं होतंय. तोवर शेकडो जणांना बाधा झाली होती.

आता सासूबाईंचा प्रश्न. आजोबांचे पाय आणि त्यांचं विसरणं यांत नातं आहे का?

दूरचं आहे. मध्ये एक दुवा आहे, तो पार्किन्सनचा, म्हणजे कंपवाताचा. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसं अचानक ताठ होऊन रुग्णालयात आली. हलता येईना, बोलता येईना. विल्यम लँग्स्टन या डॉक्टरनं शोधलं की त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट मादक द्रव्यात एमपीटीपी नावाचा भेसळ रेणू होता, आणि त्यानं त्यांना काही दिवसांत म्हाताऱ्यांचा कंपवात दिला होता. हा रेणू मेंदूतल्या एका ठरावीक, काळसर रंगाच्या भागातल्या पेशींत शिरतो आणि तिथे कॉम्प्लेक्स-१ बंद पाडतो. आजोबांच्या पेशींत जे बंद पडलं तेच. रवींद्रनाथ यांच्या गटाचा २००४ चा मादी उंदरांवरचा प्रयोग याच विषावर होता. दोन वेगळी विषं, दोन वेगळे आजार, पण आत शिरायचा दरवाजा एक. एका आजाराचा माग काढणाऱ्याच्या हाती दुसऱ्याचा धागा लागतो तो असा.

अल्झायमरमध्ये बाहेरून आलेला रेणू नाही. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्युबिंगनच्या सभेत आपल्या रुग्ण आउगुस्टे डेटर यांच्या मेंदूबद्दल सांगितलं. पेशींच्या बाहेर साचलेली किटणं आणि पेशींच्या आत वळलेले धाग्यांचे गुंते. पुढे ऐंशीच्या दशकात कळलं की बाहेरच्या किटणात अमायलॉइड-बीटा नावाचा प्रथिनाचा तुकडा असतो आणि आतल्या गुंत्यात टाऊ नावाचं प्रथिन. दोन्ही आपल्याच शरीरातली. वय वाढतं तसा त्यांचा निचरा मंदावतो, ती चुकीची दुमडतात, एकमेकांना चिकटत जातात. इथे एक विष, एक रेणू, एक तारीख दाखवता येत नाही. लाखोरी बंद केली की लॅथिरिझम जागीच थांबतो. आजोबा म्हणूनच दोन काठ्यांवर थांबले, जन्मभर तिसऱ्या पायरीवरून चौथीवर गेले नाहीत. अल्झायमर थांबत नाही, पुढे सरकतो. भारतात साठीच्या वरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. लाखोरीत ज्यांना निसर्गानं झुकतं माप दिलं, त्यांच्याच बाबतीत इथे पारडं उलटं झुकतं.

तुमच्या कॉलनीतल्या बायकांनी ऐकलंय ते हवेतलं नाही. २०१२ मध्ये मानेसरच्याच केंद्रातून, रवींद्रनाथ यांच्याच गटाचा शोधनिबंध आला. अल्झायमरसारखी विकृती निर्माण व्हावी म्हणून जनुकं बदललेले उंदीर घेतले, त्यांना तीस दिवस अश्वगंधाच्या मुळाचा अर्क दिला. चक्रव्यूहात वाट विसरणाऱ्या उंदरांना वाट पुन्हा सापडू लागली आणि मेंदूतलं अमायलॉइड कमी झालं. सगळ्यात सुंदर भाग पुढे आहे. औषध मेंदूत काम करत असेल असं कुणालाही वाटेल. त्यांनी माग काढला तर तो यकृतात निघाला. अर्कामुळे यकृतात एलआरपी नावाचं प्रथिन वाढतं, ते अमायलॉइड रक्तातून उचलून नेतं, रक्तातलं कमी झालं की मेंदूतलं रक्तात उतरतं. विहिरीतून पाणी उपसलं की झऱ्यातून नवं येतं, तसं.

पण ते उंदीर होते, तो ठरावीक तयार केलेला अर्क होता, आणि उंदरात साधलेलं अल्झायमरच्या बाबतीत माणसात साधलं नाही असं कितीतरी वेळा घडलं आहे. बाजारातल्या डबीत काय आणि किती आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. अश्वगंधा घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडवरही तिचा परिणाम होऊ शकतो, आणि सासूबाईंच्या इतर गोळ्यांशी तिचं जमेल का हा वेगळा प्रश्न. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. विचारा मात्र जरूर, लाजू नका. त्यांच्या कानांची आणि डोळ्यांची तपासणी झाली आहे का तेही बघा. ऐकू न येणारं माणूस घरात असूनही एकटं पडतं आणि त्याचं विसरणं वाढतं. रक्तदाब आणि साखर आवरून धरा. रोज एकाच वेळी, एकाच वाटेनं फिरायला न्या. सेक्टरातल्या बागेपासून मलई मंदिराच्या दिशेनं, जिथली दुकानं आणि झाडं त्यांच्या ओळखीची आहेत तिथून.

रवींद्रनाथ स्वतः पुढे उंदरांकडून माणसांकडे वळल्या. बंगळूरच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चमार्फत कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात ४५ वर्षांवरच्या दहा हजार ग्रामस्थांना वर्षानुवर्षं तपासत राहायचं, असा तो अभ्यास आहे. कुणाचं रक्त, कुणाचं हृदय, कुणाची झोप, कुणाची स्मृती. आणि मग कुणाला स्मृतिभ्रंश होतो, कुणाला होत नाही. एकाच गावात, एकाच पाण्यावर वाढलेल्या दोन माणसांपैकी एकच का? तुमचाच प्रश्न, दहा हजार माणसांना विचारलेला.

राहता राहिला मुलगा. लॅथिरिझम वारशानं येत नाही. आजोबांच्या चेतापेशी मेल्या. त्यांच्या जनुकांत काही बदललं नाही, ते तुमच्या वडिलांकडे गेलं नाही, तुमच्याकडे आलं नाही, त्याच्याकडे जाणार नाही. वाढत्या वयात पोटऱ्यांना रात्री गोळे येणं फार मुलांना होतं. मुलगा पाणी किती पितो, खेळून किती येतो, हे पाहा. आणि गोळे वारंवार येत असतील किंवा चालताना त्याच्या टाचा टेकत नसतील, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांना आजोबांचं सांगितलंत तर तो आजार वारशानं येत नाही, हेच तेही म्हणतील.